गॅलरीतलं वाक्य

कानिफनाथ तात्या गुरुवारी दुपारी, जेवणाच्या सुमाराला वारले. सभागृहात असं एखादं गैरसोयीचं वाक्य कोणाच्या तोंडून निघून गेलं, की अध्यक्ष ते कामकाजातून काढून टाकतात आणि ते बोललंच गेलं नव्हतं असं सगळ्यांनी धरून चालायचं असतं. तसंच वरचं वाक्य वाचकांनी काढून टाकावं. तात्या जिवंत आहेत. नगरला सावेडीत, मुलाच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या पलंगावर, टीव्हीच्या बरोबर समोर पडून आहेत, आणि चहा पाणचट झाला म्हणून सुनेशी बोलत नाहीत.

दवाखान्यातून त्यांना नुकतंच घरी आणलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "आता घरी न्या. हवं ते खायला घाला." डॉक्टर जेव्हा असं म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय, हे तात्यांना चांगलं ठाऊक होतं, भावकीतल्या बऱ्याच जणांना त्यांनी असं हवं ते खायला घातलं होतं. त्यांनी मुलाला, सुनीलला, जवळ बोलावलं आणि सांगितलं, "मला खायाला काय बी नगं. मला माझं वाक्य पायजे."

वाक्याची हकिगत अशी. चाळीसेक वर्षांपूर्वी तात्या पाथर्डीच्या पुढे एका गावात इंजिनं आणि मोटारी दुरुस्त करायचे. एका कोरड्या साली तालुक्यातली माणसं गाऱ्हाणं घेऊन मुंबईला गेली, आणि तिथे आमदारांनी काही जणांना विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीचे पास काढून दिले. पासाच्या मागे सूचना छापल्या होत्या : बोलू नये, हातवारे करू नयेत, टाळ्या वाजवू नयेत, झोपू नये. मंत्री टंचाईवर उत्तर देत होते. तात्या उठले आणि त्यांनी खाली सभागृहाच्या दिशेने एक वाक्य जोरात फेकलं. शिपायांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं, दिवसाचं कामकाज संपेपर्यंत एका खोलीत बसवलं, चहा पाजला आणि सोडून दिलं. गावात एसटीतून उतरले तेव्हा ते कानिफनाथ गॅलरी झाले होते. त्या भागात दर दोन घरांआड एक कानिफनाथ असल्यामुळे गावाची या नावाने मोठी सोय झाली. सुनीललाही शाळेत गॅलरीचा सुनील म्हणत. त्याच्या लग्नपत्रिकेतसुद्धा हे नाव कंसात टाकायचा भावकीचा आग्रह होता. तो त्याने हात जोडून मोडून काढला.

अडचण एवढीच, की ते वाक्य तात्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या जणांना सांगितलं, की ते माणसागणिक बदलत गेलं. ऊसतोडीला निघालेल्या टोळीला सांगताना त्यात फडात जन्मणारी पोरं यायची. पंधरा ऑगस्टला शाळेत सांगताना पाणी यायचं आणि जिरायचं. सुनीलच्या सोयरिकीच्या बैठकीत सांगितलं तेव्हा त्यात लोकशाही हा शब्द होता, आणि मुलीकडचे लोक सरसावून बसले होते. आता पलंगावर पडून मूळ वाक्य आठवायला गेले, तर ही सगळी वाक्यं एकदम दाटीवाटीने दारात उभी राहात आणि आतलं काही दिसत नसे.

सुनीलच्या आई मनकर्णाबाई यांचं याबाबत स्वतंत्र मत होतं, आणि ते त्या चाळीस वर्षं मांडत आल्या होत्या. "ह्या मानसानं घरात कदी 'मीठ कमी हाय' याच्या फुडं भाषन केलं न्हाई. तितं काय बोलनार? खोकला आला आसंल, आन् धरला आसंल."

एरवी तात्या यावर हसायचे. या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "खोकलो आसंन तर तसं कळू दे. पर जायाच्या आदी मला म्हाईत पायजे."

सुनील एका पतसंस्थेत वरिष्ठ लिपिक होता. त्याने आजवर आयुष्यात शोधून काढलेली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे लॉकरची दुसरी किल्ली, आणि तीही त्याच्याच खिशात निघाली होती. तरी तो काढतो म्हणाला. मरणाऱ्या बापाला दुसरं काय म्हणतात.

समोरच्या फ्लॅटमध्ये राधाकृष्ण सर राहात. त्यांनी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं होतं, म्हणजे इतिहासाचे तास संपल्यावर उरलेल्या वेळात शिकवलं होतं, आणि त्या उरलेल्या वेळाचा वचपा ते निवृत्तीनंतर काढत होते. त्यांनी सुनीलला सोफ्यावर बसवून समजावलं, की सभागृहात प्रतिवेदक नावाची माणसं खाली मान घालून अखंड लिहीत असतात. मंत्री शिंकला तरी लिहितात. त्यामुळे तात्यांचं वाक्य गेलेलं नाही, जाऊच शकत नाही. "लोकशाहीत काही हरवत नाही, सुनील," ते म्हणाले. "सापडत नाही, हा भाग वेगळा."

साल कोणतं, हा पहिला प्रश्न. तात्यांच्या मते ज्या साली म्हैस मेली ते. मनकर्णाबाईंच्या मते म्हशी दोन मेल्या, आणि दोन्हींच्या मध्ये एक निवडणूक होऊन गेली. तात्यांना दुसरी म्हैस आठवेना. मनकर्णाबाईंना याचा इतका राग आला, की त्या दिवशी वाक्य बाजूला राहिलं आणि म्हशीवर चर्चा झाली.

सुनील कचेरीतल्या संगणकावर बसला. कुठल्याशा संकेतस्थळावर जुन्या कामकाजाची पानं चढवलेली होती. काही सरळ होती, काही आडवी होती, आणि आडवी वाचताना मान तिरकी करावी लागे, त्यामुळे कर्जाच्या चौकशीला आलेल्या लोकांना आपल्याकडे संशयाने बघितलं जातंय असं वाटे. शोधायच्या चौकटीत 'गॅलरी' टाकलं तर एका चित्रप्रदर्शनाचा उल्लेख आला. 'ओरडला' टाकलं तर काहीच आलं नाही, कारण सभागृहात कोणी ओरडत नाही. तिथे व्यत्यय येतो. 'पाथर्डी' टाकलं तेव्हा मात्र पानांमागून पानं यायला लागली, आणि प्रत्येक पानावर पाथर्डी कोरडीच होती. कोणी तरी सदस्य विचारत, की अमुक गावी प्यायला पाणी नाही, हे खरे आहे काय? असल्यास, त्याची कारणे काय? आणि खाली उत्तर असे : (१) हे खरे नाही. (२) प्रश्न उद्भवत नाही.

हे वाचून सुनील आधी हसला. मग त्याला त्यातल्या एका गावाची विहीर आठवली. लहानपणी त्याला कमरेला दोर बांधून त्या विहिरीत सोडत, वाटीने पाणी भरायला. त्या विहिरीबद्दलही प्रश्न उद्भवला नव्हता.

रोज तेच वाचून त्याची भाषा बिघडली. बायकोने, ज्ञानेश्वरीने, गॅस संपला का विचारलं, तर तो म्हणाला, "अंशतः खरे आहे." भाजी का आणली नाही विचारलं, तर चौकशी सुरू असल्याचं त्याने सांगितलं. ज्ञानेश्वरीने त्या दिवशी जेवण विचाराधीन ठेवलं. पण खरा घोटाळा कचेरीत झाला. कामाच्या वेळेत संगणकावर खाजगी वाचन करता, याचा खुलासा करा, असं साहेबांनी लेखी विचारलं, आणि सुनीलच्या हाताने नकळत लिहून दिलं : (१) हे खरे नाही. (२) प्रश्न उद्भवत नाही. साहेबांना या उत्तरातला अनुभव कळला नाही, उद्धटपणा कळला. त्याच आठवड्यात सुनीलची पाथर्डी शाखेला बदली झाली, वसुलीवर.

मानी माणसाला हे लागतं. वसुलीवर ज्याला पाठवतात त्याला शाखेत खुर्ची नसते. सुनील रोज सकाळी एसटीने जायचा. बसच्या पाटीवर शहराचं नवं नाव होतं, कंडक्टर जुनंच पुकारायचा, आणि सुनीलला दोन्हीकडून परकं वाटायचं. पण पाथर्डीत नूरुद्दीनचाचा राहात होते. गावाकडचे शिंपी, आता मुलाकडे. गॅलरीत तात्यांच्या शेजारी बसलेला माणूस तो हाच.

चाचांनी आधी पाणी दिलं, मग चहा दिला, मग चाळीस वर्षांचा राग दिला. ते म्हणाले, "मी झोपल्तो."

"गॅलरीत?"

"रातभर एसटीत हुबा व्हतो मी. तितं खुर्ची गादीची, वर पंखा. कवा डोळा लागला कळलं न्हाई. जाग आली तवा दोघं शिपाई मला उचलून चालवत व्हते. म्या म्हनलं, झोपलो म्हनून धरलं. पासावर लिव्हलंच व्हतं, झोपू न्हाई. मी माफी मागतोय, माझी चूक झाली, परत न्हाई झोपनार, आन् तुझा बाप शेजारी छाती काढून चाललाय."

"पण तात्या काय बोलले?"

"त्या खोलीत मी इचारलंच न्हाई. मी घाबरलो व्हतो. आन् गावात आल्यावर इचारायची सोय न्हवती. सगळ्यांना वाटायचं, मी शेजारीच व्हतो, मला म्हाईतच आसंल." मग ते म्हणाले, "बरा हाय का तो?"

सुनीलने सांगितलं. चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ ती नीट केली. वाक्य मिळालं नाही, पण तारीख मिळाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बहिणीची सुपारी फुटायची होती, ते त्या खोलीत अडकल्यामुळे त्यांना पोहोचता आलं नाही, आणि बहीण अजून दर ईदला ती तारीख त्यांना ऐकवते.

तारीख हातात आली तेव्हा कळलं, की संकेतस्थळावर नेमका तो दिवस नाही. आदला आहे, नंतरचा आहे. छापील प्रत मुंबईला, विधानभवनाच्या ग्रंथालयात. राधाकृष्ण सरांच्या मते तिथे आमदाराचं पत्र असलेलं बरं. पत्राशिवाय गेलो तर, ते म्हणाले, आपण नुसते नागरिक दिसतो.

आमदार कधीच भेटत नसत, त्यांचं कार्यालय सांभाळणारे ओमभाऊ भेटत. ओमभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुमचे वडील कोणाच्या विरोधात ओरडले?"

सुनील म्हणाला, तेच शोधायचं आहे.

ओमभाऊंचा चेहरा गंभीर झाला. तेव्हा जे सरकारात होते ते आता यांच्या विरोधात होते. म्हणजे त्यांच्याविरुद्ध ओरडले असतील तर उत्तमच; पत्र काय, सत्कार करू. पण तेव्हाच्या मंत्र्यांपैकी काही जणांची मुलं आता यांच्याकडे होती. म्हणजे नेमक्या मंत्र्याविरुद्ध ओरडले असतील तर पंचाईत. तेव्हा सुनीलने आधी वाक्य काय होतं ते पक्कं करून आणावं, ते वाचून पत्र देता येईल. सुनीलने दाखवून दिलं, की वाक्य आणायलाच पत्र हवं आहे. ओमभाऊंनी ते मान्य केलं आणि उद्या यायला सांगितलं. उद्या गेला, तर परवा यायला सांगितलं. इकडे तात्यांचे पाय सुजले, पाणी पोटात टिकेना, आणि ते रोज संध्याकाळी फक्त भुवया उंचावून विचारू लागले. चौथ्या खेपेला सुनील ओमभाऊंसमोर काही न बोलता नुसता उभा राहिला. मध्यमवर्गीय माणूस असा उभा राहिला की तो आता रडेल, या भीतीने समोरच्याला काही तरी द्यावं लागतं. ओमभाऊंनी कपाटातून आधीच सही केलेलं एक पत्र काढून दिलं. कपाटात सही केलेली पत्रं दोनच प्रकारची असत, शाळाप्रवेशाची आणि दवाखान्याची. शाळेची संपली होती.

त्यामुळे बुधवारी मुंबईला ग्रंथालयातल्या बाईंपुढे सुनीलने जे पत्र ठेवलं त्यात लिहिलं होतं, की सदर रुग्ण माझ्या मतदारसंघातील गरजू रहिवासी असून त्यांच्यावर आपल्याकडे सवलतीत उपचार व्हावेत.

बाईंनी ते वाचलं. चष्मा काढून परत वाचलं. "रुग्ण कुठे आहे?"

"नगरला. हॉलमध्ये."

"मग आम्ही इथून काय उपचार करायचे?"

सुनीलने जमेल तेवढ्या थोडक्यात सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग त्यांनी सांगितलं, की वाचायला असल्या पत्राची गरज नव्हती, एक अर्ज आणि ओळखपत्र पुरलं असतं; आणि त्या उठून स्वतः तो खंड घेऊन आल्या. पानाची झेरॉक्सही त्यांनीच काढून दिली. सुनील त्यांच्याकडे बघत राहिला. इतके दिवस सगळीकडून अडल्यावर कोणी सरळ वागलं, की आधी राग येतो.

पान असं होतं.

"मंत्री : नगर जिल्ह्याच्या पूर्व भागात लोकांचे हाल होत असल्याचे सन्माननीय सदस्यांनी सांगितले. वस्तुस्थिती तशी नाही. टँकर पुरेसे आहेत. लोक समाधानी आहेत.

(याच वेळी प्रेक्षक गॅलरीतील एक व्यक्ती उभी राहून काहीतरी ओरडली. तिला बाहेर नेण्यात आले.)

अध्यक्ष : गॅलरीत जे झाले त्याची सभागृहाने दखल घेऊ नये. मंत्रिमहोदयांनी पुढे चालावे.

मंत्री : तर लोक समाधानी आहेत."

सुनीलने पान उलटलं. पुढे दुधाच्या दराचा विषय होता. त्याने दिवस संपेपर्यंतची सगळी पानं वाचली, की कोणी तरी उठून विचारील, तो माणूस कोण होता, कुठला होता, काय म्हणत होता. कोणी विचारलं नव्हतं. नाव नव्हतं, गाव नव्हतं. शेजारी झोपेतून उचललेला शिंपी तर नव्हताच.

परतीच्या बसमध्ये त्याने राधाकृष्ण सरांना फोन केला. सरांनी सगळं ऐकलं, आणि आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने कधी करू नये ती सूचना केली : आपणच एक वाक्य करू. तो घरी पोहोचला तोवर सरांचं वाक्य तयार होतं. त्यात कर्तव्य, हक्क आणि मूलभूत तत्त्वं तिन्ही आली होती, आणि ते एका श्वासात ओरडणं सुदृढ माणसालाही शक्य नव्हतं. तात्या झोपले होते.

गुरुवारी सकाळी तात्यांची जीभ जड झाली. बोलत होते, पण शब्द भिजलेल्या कागदासारखे येत होते. सुनील पलंगावर बसला. मनकर्णाबाई पायाशी, ज्ञानेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात, आणि जिन्याच्या दारात सर, हातात त्यांचं वाक्य घेऊन मान हलवत, की वाच, हेच वाच.

तात्यांनी सुनीलचं मनगट धरलं. "खरं सांग," ते हळूहळू म्हणाले. "खोटं म्या बी लई सांगितलं हाय."

सुनीलने झेरॉक्स वाचली. मंत्री, कंस, अध्यक्ष, मंत्री. खाली रस्त्यावर भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली.

तात्यांनी मान वळवून मनकर्णाबाईंकडे बघितलं. "वरडली, लिव्हलंय."

मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला. "व्हय. खोकला न्हवता," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षांत त्यांनी मागे घेतलेलं हे पहिलं विधान.

"काय वरडली, ते?"

"नाही लिहिलं, तात्या."

तात्यांनी डोळे मिटले. ते झोपले असं वाटून सुनील उठायला लागला, तेव्हा मनगटावरचा हात घट्ट झाला. मंत्री शेवटी काय म्हणाला ते त्यांना परत ऐकायचं होतं. सुनीलने वाचलं, "तर लोक समाधानी आहेत."

आणि ज्या माणसाला कुशीवर वळवायला दोघं लागत होती, तो माणूस कोपरावर उठला. टीव्हीच्या वर, भिंतीच्या आणि छताच्या सांध्याकडे त्याने तोंड केलं आणि ओरडला. एवढ्या मोठ्याने, की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडल्याचा आवाज आला. वाक्य पूर्ण होतं. त्याला सुरुवात होती, मध्ये एक जागा होती जिथे त्यांनी श्वास घेतला, आणि शेवट होता. चाळीस वर्षांत कोणालाच न सांगितलेलं होतं ते. हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. फक्त जीभ साथ देत नव्हती. खोलीत चार माणसं होती, त्यातल्या एकाच्या खिशाला पेन होतं, आणि एकालाही एक अक्षर कळलं नाही.

तात्या दमून मागे टेकले आणि सगळ्यांकडे पाळीपाळीने बघू लागले, ऐकलं ना, अशा नजरेने. मनकर्णाबाई म्हणाल्या, "व्हय, व्हय. बराबर बोलला." सुनीलनेही मान डोलावली. सरांनी हातातला कागद घडी करून खिशात टाकला. ज्ञानेश्वरीने ताट वाढायला घेतलं.

पुढचं कामकाजातून काढून टाकलेलं असल्यामुळे इथे लिहिता येत नाही.

दिवसकार्य झाल्यावर सरांनी पुन्हा विषय काढला, की त्या पानावर दुरुस्ती मागावी आणि एखादं साजेसं वाक्य घालून घ्यावं, त्यांचं तयार आहेच. मनकर्णाबाईंनी ते एका वाक्यात बंद केलं. दुसऱ्याचं वाक्य त्यांच्या तोंडी नको. मग सुनीलने रविवारी बसून स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला आणि रजिस्टर पोस्टाने पाठवला. तो असा :

"मा. सचिव महोदय यांचे सेवेशी,

विषय : कामकाजाच्या छापील खंडातील एका पानावर दुरुस्ती होणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सोबत जोडलेल्या पानावर कंसात नमूद असलेली 'एक व्यक्ती' ही अर्जदाराचे वडील कै. कानिफनाथ, राहणार तालुका पाथर्डी, हे होते. त्यांच्याबरोबर नूरुद्दीन शिंपी हेही होते, ते झोपलेले असल्यामुळे त्यांचा दोष नाही, अशीही नोंद व्हावी. सदर व्यक्ती 'काहीतरी' ओरडली असे छापले आहे. ते काहीतरी नव्हते. ते काय होते हे अर्जदारास माहीत नाही, तसेच ते सांगू शकेल अशी कोणतीही व्यक्ती आता हयात नाही. सबब 'काहीतरी' हा शब्द वगळून त्या ठिकाणी कोरी जागा सोडण्यात यावी, व सदर खंडाच्या राज्यातील सर्व प्रतींमध्ये त्याप्रमाणे बदल करण्यात यावा. जागा संपूर्ण ओळीची असावी. अर्ध्या ओळीत बसणार नाही. वडिलांचा आवाज मोठा होता.

कळावे."